भिंतीत मुरलेला धूर

भाड्याने घर शोधायला निघालेल्या मुसलमान माणसाला वासाविषयी जेवढे प्रश्न विचारले जातात, तेवढे अत्तराच्या दुकानदारालाही कोणी विचारत नसेल. "घरात काय काय शिजतं?" "रोज असतं का?" "आमचं काही नाही हो, पण वरच्या मजल्यावर राहतात ना, त्यांना वास सहन होत नाही." कोकणात हा प्रश्न तसा विनोदीच आहे. पावसाळ्याच्या तोंडावर बोंबील-जवळा भरून ठेवलेला नाही असे घर महाड-पोलादपूरकडे शोधून सापडायचे नाही. वास सगळ्यांच्याच चुलीतून निघतो, आठवण मात्र आडनाव ऐकल्यावर होते. गेल्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये आम्ही असे सात दरवाजे पाहिले. त्यातल्या तीन खोल्या आम्ही नाव सांगेपर्यंत रिकाम्या होत्या आणि नाव सांगितल्यावर 'कालच गेल्या' होत्या.

ही कहाणी आपल्या वाचकांना नवी नाही, म्हणून ती लांबवत नाही. सांगायचे आहे ते निराळेच. त्या सातही दारांत एकाही मालकाने आम्हाला "घरात कोणी सिगारेट ओढतं का?" असे विचारले नाही. मटणाचा रस्सा रात्री शिजला तर सकाळपर्यंत त्याचा मागमूस राहत नाही. सिगारेटचा धूर वर्षानुवर्षे राहतो. हे आम्हाला आठव्या घराने शिकवले.

आम्ही उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. बी.एड. होऊन दहा वर्षे झाली. घरात मुलीची अम्मी, आमची अम्मी आणि चौथीत जाणारी मुलगी. आधी महाडात सावित्रीच्या बाजूला तळमजल्यावर राहत होतो. 22 जुलै 2021 च्या महापुरात त्या घरात छताला हात लागेल इतके पाणी होते. आम्ही तिथे राहायला गेलो ते पूर ओसरल्यावर पुष्कळ महिन्यांनी, पण भिंतीतली ओल काही ओसरली नव्हती. दर पावसाळ्यात भिंतीवर काळी बुरशी चढायची आणि इकडे मुलीची छाती वाजायला लागायची. डॉक्टरांनी दम्याचे निदान केले, पंप दिला आणि सांगितले, "ओलीच्या घरात ठेवू नका. धुराच्या तर अजिबात नको." तेव्हा उंचावरचे, कोरडे घर हवे होते. पोलादपुरातून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागले की आंबेनळी घाटाची चढण सुरू होण्याआधी वस्ती विरळ होत जाते. तिथे असे एक घर आहे असे शाळेच्या शिपायाने सांगितले. महाडपासून अठरा-वीस किलोमीटर, एसटीने जाऊन येऊन करता येण्यासारखे.

घरमालक काकांनी जेवणाखाण्याचा एकही प्रश्न विचारला नाही. उलट तेच जरा ओशाळलेले दिसले. "सर, घर चांगलं आहे. हवा आहे, पाणी आहे. फक्त आधीच्या माणसाचा थोडा वास राहिलाय. खिडक्या उघड्या ठेवल्या की जाईल." दोन कुटुंबे येऊन, नाक मुरडून परत गेली होती. कुणाला नको असलेले घर आमच्या वाट्याला आले होते असे म्हटले तरी चालेल. आधीचा माणूस म्हणजे रस्त्याच्या कामावरच्या ठेकेदाराचा इंजिनिअर. तीन वर्षे एकटाच राहिला. घाटात दरड आली की रात्री-अपरात्री उठून जायचे, परत येऊन जागत बसायचे आणि पावसामुळे खिडक्या बंद. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्या डोंगराच्या कुशीतल्या गावांनाही तो काही कमी वाटा देत नाही. जून ते सप्टेंबर बंद खोलीत ओढलेल्या त्या सिगारेटी मोजणार कोण? मागच्या पडवीत थोटकांनी भरलेला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा तेवढा होता. त्या माणसाला आम्ही दोष देत नाही. एकट्या माणसाची रात्र कशी जाते ते ज्याचे त्याला माहीत.

घरात पाऊल टाकल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, इथे कुणीतरी आहे." तिच्या अम्मीने पदर नाकाला लावला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे पडवी, वर लाकडी माळा आणि त्यावर कौले. एकेकाळी पांढऱ्या असलेल्या भिंती चहाच्या गाळणीसारख्या पिवळट दिसत होत्या. काकांनी कॅलेंडर काढले तर त्याखाली चौकोनी पांढरा तुकडा उरला होता. असे वाटले, भिंतीने आपला जुना चेहरा तेवढाच जपून ठेवला आहे.

अम्मीचा उपाय तयार होता. आमच्याकडे जुमेरातीला लोबान जाळायची पद्धत आहे. त्या दिवशी गुरुवार नव्हता, पण तिने निखारे काढले, धुपाटण्यात लोबान टाकला आणि कोपरान्‌कोपरा फिरवला. दोन-तीन तास घर दर्ग्यासारखे दरवळले. इशाच्या नमाजपर्यंत जुना वास परत आला, आता लोबानाच्या सोबतीने. शेजारच्या काकूंनी कापूर आणून दिला. दुकानदाराने फवारा दिला, त्याच्या डब्यावर मोगऱ्याचे चित्र होते. सगळे उपाय प्रेमाने सांगितलेले. पण यातला प्रत्येक उपाय हवेवर चालतो, आणि वास हवेत नव्हताच. शिवाय लोबान, कापूर, अगरबत्ती जळतात म्हणजे त्यांचाही धूर होतो. दम्याच्या मुलीसाठी धुरावर धूर चढवणे हा काही इलाज नव्हे. हे अम्मीला सांगताना आम्ही तिला मक्तबातल्या पाण्याच्या मसल्याची आठवण करून दिली. पाणी पाक आहे की नाही हे तीन गोष्टींवरून ठरते: रंग, बू आणि मजा. बू बदलली म्हणजे काहीतरी त्यात मिसळले आहे. त्या पाण्यात गुलाबजल ओतून ते पाक होत नाही. सिगारेटचा धूर नजासत आहे असे आम्ही म्हणत नाही, तो फतवा देणारे आम्ही कोण? पण तर्क तोच आहे. बू ही कुठल्यातरी वस्तूची असते, आणि ती वस्तू काढल्याशिवाय बू जात नाही. अम्मीने धुपाटणे खाली ठेवले. "मग काढ," म्हणाली.

काढायचे म्हणजे काय काढायचे, ते आधी कळायला हवे. सिगारेट जळते तेव्हा हजारो रसायने बाहेर पडतात. त्यातली काही वायुरूप असतात, काही सूक्ष्म कणांच्या रूपात. निकोटीन आणि डांबरासारखा चिकट भाग थंड पृष्ठभाग मिळेल तिथे बसतो: भिंत, काच, पंख्याचे पाते, पडदा, गादी, घरातली धूळ. एकावर एक थर बसत जातात. मग हवा गरम झाली किंवा दमट झाली की तिथून थोडे थोडे पुन्हा हवेत सुटते. म्हणूनच भर दुपारी आणि पावसाळी संध्याकाळी असे घर जास्त 'बोलते'. आठवीच्या वर्गात आम्ही तेजाब, असास आणि नमक शिकवतो. निकोटीन हे असास. सिरका हे सौम्य तेजाब. दोघे भेटले की नमक तयार होते, आणि ते उडून जात नाही, पाण्यात विरघळते, फडक्याने पुसून निघते. पडद्यावर काढलेल्या सूत्रापेक्षा हा धडा आम्हाला घराच्या खिडकीच्या काचेवर जास्त चांगला समजला. सिरक्याचे पाणी लावून फडके फिरवले तर फडक्यावर काढ्यासारखा तपकिरी डाग उमटला.

या विषयावर परदेशात बरेच काम झाले आहे. 2009 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी बालरोगांवरच्या एका नियतकालिकात 'तिसऱ्या हाताचा धूर' ही कल्पना मांडली. पहिला हात ओढणाऱ्याचा, दुसरा शेजारी बसणाऱ्याचा, आणि तिसरा हा मागे चिकटून राहणारा. 2010 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने दाखवले की, पृष्ठभागावर बसलेल्या निकोटीनची हवेतल्या नायट्रस आम्लाशी गाठ पडली की कॅन्सरला कारण ठरू शकणारी नायट्रोसामाइन्स तयार होतात. हे नायट्रस आम्ल येते कुठून? गॅसच्या शेगडीतून, मोटारींच्या धुरातून. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात त्याची सोय रोजच असते. आणि 2011 मध्ये सॅन दिएगोच्या संशोधकांनी आमच्यासारख्याच भाडेकरूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. सिगारेट ओढणारे घर सोडून गेले, घरे सुमारे दोन महिने रिकामी राहिली, साफसफाई झाली, मग न ओढणारी कुटुंबे राहायला आली. तरीही धुळीत, भिंतींवर आणि नव्या राहणाऱ्यांच्या बोटांवर निकोटीन सापडले. रांगणारी मुले जमिनीवर हात टेकतात आणि तोच हात तोंडात घालतात. हे वाचल्यावर "खिडक्या उघड्या ठेवल्या की जाईल" या वाक्याला काय किंमत द्यायची ते कळले.

तेव्हा आम्ही सामान आणले नाही. मुलगी आणि अम्मी महाडातच राहिल्या, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघे रोज सकाळच्या एसटीने त्या घरी जाऊ लागलो.

पहिल्यांदा कापड बाहेर गेले. पडदे, मच्छरदाणी, पायपुसणी, इंजिनिअर सोडून गेलेली कापसाची गादी. पडदे धुऊन वाळवले तरी वास येत होता, ते टाकले. गादी मात्र चांगली भारी होती, नवी घ्यायची तर पैसे होते कुठे? ओळखीच्या एका पिंजारीचाचांना दाखवली. आता हाताने पिंजणारे फार उरले नाहीत, मशीन आले, आणि फोमच्या गाद्यांनी तर मशीनलाही मारले. चाचांनी उसवलेल्या टाक्यातून मूठभर कापूस काढला, नाकाशी नेला. "मास्टर, ओल असती तर उन्हात दोन दिवस टाकून, पिंजून दिली असती. हा धूर तंतूत शिरलाय. पिंजला तर माझ्याही दुकानात पसरेल." त्यांनी त्या कामाचे पैसे मिळत असताना ते नाकारले. गादी गेली.

मग पंखा, बल्ब, बटणांचे बोर्ड, खिडकीची जाळी. याकडे कुणाचे लक्ष जात नाही. पंख्याच्या पात्याची वरची बाजू बोटाला डिंकासारखी लागत होती. पंखा तसाच लावला असता तर तो रोज तोच वास खोलीभर वाटत राहिला असता. मुख्य बटण बंद करून बोर्डांची झाकणे उतरवली, तीही पुसली.

दारे, काचा, फरशी यांना सिरक्याचे पाणी. तेलकट थराला गरम पाण्यात धुण्याचा सोडा, हातात रबरी मोजे घालून. ही दोन्ही पाणी एका बादलीत कधी घालू नयेत. तेजाब आणि असास आपसात भांडून संपतात आणि हाती फक्त फेस उरतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कपडे पांढरे करण्याचे ब्लीच आणि सिरका एकत्र येता कामा नयेत. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो. हे आम्ही वर्गातही सांगतो, कारण घरात साफसफाई करणाऱ्या आमच्याच विद्यार्थिनी असतात. खोलीत वाटीभर खाण्याचा सोडा ठेवावा, कोळसा ठेवावा, असेही पुष्कळ जण सांगतात. त्याने हवेतला थोडा वास ओढला जातो, हे खरे. पण भिंतीत तीन वर्षांचा साठा असताना एक वाटी ती काय करणार?

भिंती मात्र पुसून भागणाऱ्या नव्हत्या. हलक्या डिस्टेंपरवर पाणी लावले की तो चिखलासारखा सुटायचा. महाडातल्या एका रंगारी मिस्त्रींना बोलावले. त्यांचे ज्ञान पुस्तकी नव्हते. महापुरानंतरच्या त्या ऑगस्टमध्ये महाडात प्रत्येक रंगाऱ्याला काम होते, आणि तेव्हाच कोणता रंग टिकतो आणि कोणता फसवतो ते त्यांना कळले होते. "तेव्हा ज्यांनी घाई केली, चिखलावरच रंग मारला, त्यांच्या भिंती दिवाळीला फुगल्या. ज्यांनी खरवडलं, वाळू दिलं, त्यांच्या टिकल्या. इथं पण तेच. नुसता पांढरा हात दिलात ना मास्तर, आठ दिवसांत पिवळे डाग वर येतील. पाण्याचा रंग त्या डागाला वर ओढतो." मग त्यांनी क्रम सांगितला. आधी खरवडायचे. मग धुवायचे, तेही खालून वर, कारण वरून धुतले तर घाण पाण्याचे ओघळ कोरड्या भिंतीवर पडून कायमचे उमटतात. पूर्ण वाळू द्यायचे. मग तेलाचा प्रायमर. त्यानंतर रंगाचे दोन हात.

माळ्याचे लाकूड हा सगळ्यात अवघड मामला होता. धूर वर जातो आणि ते लाकूड कधी रंगवलेलेच नव्हते. तीन वर्षांचा धूर त्याने शांतपणे पिऊन ठेवला होता. ते धुणार कसे? त्यावर मिस्त्रींनी चपडा सांगितला. सुतार कपाटांना फ्रेंच पॉलिश करताना स्पिरिटमध्ये विरघळवतात तो लाखेचा चपडा. लाख हा झाडांवर राहणाऱ्या बारीक किड्यांचा स्राव, झारखंड-छत्तीसगडच्या जंगलांतून गोळा होतो. आम्हाला गंमत वाटली ती याची, की परदेशात आगीने काळवंडलेली, धुराने माखलेली घरे दुरुस्त करताना वास कोंडायला वापरतात ते महागडे प्रायमरही मुळात याच चपड्याचे असतात. आपल्या सुताराच्या बाटलीत ते पिढ्यान्‌पिढ्या आहे. लाकूड घासकागदाने घासून त्यावर दोन हात दिले. त्या दिवशी घरात चूल नाही, बिडी नाही, दिव्याचे बटणसुद्धा नाही, दारे सताड उघडी. स्पिरिट पेट घेते, हे मिस्त्रींनी तीनदा बजावले.

आता पैशाचा प्रश्न. पंधरा हजार डिपॉझिट, साडेचार हजार भाडे, आणि ही साफसफाई दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त. दोष आमचा नाही, मालकाचाही नाही, आणि ज्याचा होता त्याचा डिपॉझिट त्याला परत मिळून तो दुसऱ्या कामावर गेलेला. कायद्याकडे पाहावे तर कायदा उंबऱ्याशी थांबतो. केरळ उच्च न्यायालयाने 1999 साली सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर बंदी आणली. मुंबईच्या मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये देशभरासाठी तसा आदेश दिला. 2003 मध्ये कायदा झाला आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून त्याचे कडक नियम लागू झाले, दोनशे रुपयांपर्यंत दंडाची तरतूद. एसटी स्टँड, शाळा, कचेरी, हॉटेल यांचे त्याने पुष्कळ भले झाले. पण घर हे घरवाल्याचे. तो त्यात काय ओढतो हे सरकार विचारत नाही, आणि विचारू नये असेही आम्हाला वाटते. अडचण एवढीच, की भाड्याचे घर आज एकाचे असते आणि उद्या दुसऱ्याचे. ओढणारा एक, आणि ते धूर फुफ्फुसात घेणारे लेकरू भलत्याचेच.

काकांशी हे बोलायला आम्हाला दोन दिवस धीर गोळा करावा लागला. सात दारांचा अनुभव पाठीशी होता. "जास्त किटकिट करणारा भाडेकरू" हा शिक्का आमच्या आडनावावर बसला तर आठवे दारही बंद व्हायचे. मुलीची अम्मी म्हणाली, "त्यांना फडकं दाखवा." तपकिरी झालेली ती तीन फडकी आम्ही प्लास्टिकच्या पिशवीतून घेऊन गेलो. काकांनी पिशवी उघडली, वास घेतला, थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी पण हेच घर वर्षभर रिकामं ठेवलं सर, आणि वाटायचं, लोक उगाच नाटकं करतात." रंगाचे सामान त्यांनी आणले, मजुरी आम्ही दिली, पहिल्या दोन महिन्यांचे भाडे अर्धे ठरले. अकरा महिन्यांच्या करारात एक ओळ वाढवायला आम्हीच सुचवले: घरात धूम्रपान करू नये. काकांनी विचारले, "मग मटणाचं लिहायचं का?" आणि स्वतःच हसले. आम्हीही हसलो. नाही लिहिले.

महाराष्ट्रात सिगारेट-बिडी ओढणारे तसे थोडेच. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत मोठ्या माणसांत शंभरी चारच्या आसपास निघाले. आपल्याकडे जोर तंबाखू-मिश्रीचा, आणि 2012 पासून गुटख्यावर बंदी असली तरी भिंतींचे कोपरे काय सांगतात ते सगळ्यांना दिसते. लाल पिचकारी दिसते, म्हणून घरमालक तिच्यावर ओरडतो. धूर दिसत नाही, म्हणून त्याच्या नावाने कुणी पाटी लावत नाही.

आम्ही राहायला गेलो मे महिन्याच्या शेवटी. आणि आठच दिवसांत मुलीच्या अम्मीचे मामू आले. जहाजावर तीस वर्षे काढलेला माणूस, कुवेत-बसरा ते रॉटरडॅम सगळी बंदरे पाहिलेली. गोष्टींचे पोते, आणि खिशात सिगारेटचे पाकीट. आमच्या समाजात पाहुणा, त्यातून वयाने मोठा, त्यातून बीवीचा मामू. त्यांना "बाहेर जाऊन ओढा" म्हणायचे कुणी? मुघल दरबाराचे एक जुने प्रकरण आम्ही वर्गात सांगतो. असद बेग नावाच्या सरदाराने 1604 च्या सुमारास विजापुरात तंबाखू पाहिला आणि तो अकबर बादशहापुढे नेला. हकिमांनी विरोध केला, बादशहाने तरी झुरका घेतला. पुढे 1617 मध्ये जहांगीरने तंबाखूला मनाई केली, आणि त्या मनाईचे काय झाले ते आज आपण पाहतोच. बादशहाला जे जमले नाही ते आमच्यासारख्या मास्तरला जमायचे होते.

मामूंनी पाकीट काढले तेव्हा मुलगी त्यांच्याच शेजारी बसली होती. आम्ही काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "नाना, या घराला आम्ही आंघोळ घातलीय." आणि महिनाभरात काय काय केले ते तिने त्यांना सगळे सांगितले. फडके, सिरका, चपडा, पिंजारीचाचा. मामूंनी पाकीट हातातच धरून ते ऐकले. मग उठले, मागच्या पडवीतून अंगणात गेले, फणसाखाली उभे राहून ओढली. परत आल्यावर मुलीजवळ न बसता दाराशी खुर्ची ओढून बसले. "कपड्याला पण येतो ना गं?" त्यांनी विचारले. ती म्हणाली, "हो, नाना. शर्ट बदला." तीस वर्षे जहाजावर हुकूम सोडलेल्या माणसाने मुकाट्याने शर्ट बदलला. राहिले तेवढे चार दिवस त्यांच्यासाठी अंगणात एक खुर्ची आणि वाळू भरलेला डबा ठेवला होता. तोच डबा, इंजिनिअरचा, धुऊन घेतलेला. त्यांनी सिगारेट सोडली असे लिहिले असते तर लेख गोड झाला असता. सोडलेली नाही. फोनवर मात्र मुलीच्या छातीची चौकशी करतात.

खरी परीक्षा पावसाची होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस घाटातून खाली उतरला आणि दोन दिवस दोन रात्री हलला नाही. खिडक्या बंद कराव्या लागल्या. तिसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम बाहेर पडवीत थोडा वेळ थांबलो, नाक ताजे केले आणि मग दार उघडून आत आलो. राहत्या माणसाच्या नाकाला आपल्याच घराचा वास कळत नाही, म्हणून हा खटाटोप. ओल्या कौलांचा वास होता. सुक्या बोंबलांचा होता. रात्रीच्या रश्श्याचा नव्हता. अम्मी म्हणाली, "गेला." मुलीची अम्मी भिंतीभिंतीला नाक लावत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि तिथल्या बटणांच्या बोर्डाशी थांबली. झाकण आम्ही पुसले होते. पण तारा आत जातात ती भिंतीतली पोकळी तशीच राहिली होती, आणि तिथून, अगदी जवळ गेले तर, तो इंजिनिअर अजून थोडा जागा होता.

मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "पावसात बोर्ड उघडायचा नाही मास्तर. वायरमन घेऊन सप्टेंबरात येतो." मुलीने तोवर बोर्डाच्या कडेला कागदाची चिकटपट्टी लावली आहे आणि तिच्यावर उर्दूत लिहिले आहे: काम बाकी है. जून-जुलैत पंप लागला तो दोनदा. मागच्या वर्षी याच दिवसांत किती वेळा लागला होता, ते तिच्या अम्मीने कॅलेंडरवर लिहून ठेवले आहे. ते कॅलेंडर त्याच खिळ्याला लावले आहे. खालची भिंत आता सगळीकडे सारखीच आहे.